मोल्सवर्थ : एका आडनांवाची कुळकथा

एखाद्या जुन्या मराठी शब्दाच्या अर्थाविषयीं वाद निघाला, कीं जाणती मंडळी म्हणतात, 'मोल्सवर्थ काढा.' एवढें म्हटलें कीं वाद थांबतो, कपाटांतून एक जाडजूड ग्रंथ निघतो आणि निकाल लागतो. आतां तो ग्रंथ संगणकाच्या पडद्यावरही पाहतां येतो. पण नांव तेंच राहिलें आहे. अशा वेळीं मोल्सवर्थ हा कोणी मनुष्य नसतो. तो एक कोश असतो, किंबहुना मराठी शब्दांचें न्यायासनच असतें. ज्या आडनांवाखालीं आपल्या भाषेचे सुमारें ६०,००० शब्द अर्थासह नोंदलेले आहेत, त्या आडनांवाचा स्वतःचा अर्थ काय, तें कोठून आलें, आणि तें इतकें दुर्मिळ कां, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज हाच प्रश्न आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मराठी माणूस हें नांव कानानें ऐकतो, आणि त्याला एक गंमत दिसते. 'मोल' म्हणजे किंमत. इंग्रजी 'वर्थ' म्हणजेही किंमत. जणूं दोन भाषांनीं एकच अर्थ शेजारीं शेजारीं ठेवला आहे! दोन भाषांचा कोश करणाराला याहून शोभेल असें नांव कोणतें? इंग्रज वाचक हेंच नांव डोळ्यांनीं वाचतो, आणि त्याला 'मोल' म्हणजे जमीन पोखरणारा, मखमली अंगाचा एक लहानसा प्राणी आठवतो. त्याच्या हातीं 'त्या प्राण्याच्या किंमतीचा' असा कांहीं तरी हास्यास्पद अर्थ लागतो. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. नांवाचा अर्थ आजच्या उच्चारांत किंवा आजच्या अक्षरांत शोधूं नये. तें नांव सर्वांत प्रथम जेथें लिहिलेलें आढळतें, तेथपर्यंत मागें जावें, हा नामशास्त्राचा पहिला नियम आहे.

तसें मागें गेलों म्हणजे आपण एका खेड्याशीं येऊन पोंचतों. मोल्सवर्थ हें मुळांत गांवाचें नांव आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडील भागांत हंटिंग्डनशर नांवाची एक लहान कौंटी होती. १९७४ सालीं ती केंब्रिजशरमध्यें सामील करण्यांत आली. त्या जुन्या कौंटीच्या पश्चिमेकडील भागांत हें खेडें आहे. नॉर्मंडीच्या विल्यमनें १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें, आणि वीस वर्षांनीं, म्हणजे १०८६ सालीं, राज्यांतील जमीन, नांगर, कुरणें, गिरण्या यांची गांववार मोजदाद करविली. 'डूम्सडे बुक' म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या दप्तरांत हें गांव 'मोलेसवोर्डे' अशा रूपांत आढळतें. नांवाचा हा जुना दाखला हातीं आला म्हणजे त्याची फोड करणें सोपें जातें.

या नांवाचे तीन भाग आहेत. पहिला भाग 'मूल' हें जुन्या इंग्रजींतील एका पुरुषाचें नांव. आपल्या 'मूल' शब्दाशीं त्याचें साम्य केवळ ध्वनीचें आहे. दुसरा भाग 'स'. हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या 'चा-ची-चें' सारखा. तिसरा भाग 'वर्थ'. किंमत या अर्थाचा 'वर्थ' निराळा, आणि गांवांच्या नांवांतला 'वर्थ' निराळा. हा दुसरा शब्द म्हणजे कुंपण घातलेलें आवार, त्यांतलें घर आणि त्या घराभोंवतीं वाढलेली वस्ती. याला मराठींत अगदीं नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाडी. सावंतांची वाडी ती सावंतवाडी, तशी मूल नांवाच्या माणसाची वाडी ती मोल्सवर्थ. आणि जमीन पोखरणाऱ्या प्राण्याचें काय? त्या प्राण्याला 'मोल' म्हणण्याची रीत इंग्रजींत मध्ययुगाच्या उत्तरार्धांत आढळूं लागते. गांवाचें नांव त्याच्या कित्येक पिढ्या आधींचें आहे.

'मूल' हें नांव जुन्या इंग्लंडच्या इतिहासांत एका करुण प्रसंगानें लक्षांत राहिलें आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा कॅडवाला यानें केंटवर स्वारी केली. मूल हा त्याचा भाऊ. त्याला केंटची सत्ता मिळाली. परंतु ६८७ सालीं केंटच्या लोकांनीं त्याला बारा सोबत्यांसह जाळून मारल्याची नोंद जुन्या बखरीनें केली आहे. आणि पुढें ६९४ सालीं त्या वधाबद्दल केंटच्या लोकांनीं वेसेक्सच्या राजाला मोठी भरपाई दिली, असेंही ती सांगते. ज्याच्या वाडीवरून आपलें गांव वसलें तो मूल हाच, असें मुळींच नाहीं. तो कोणी साधा शेतकरी असावा. परंतु हें नांव राजपुत्रालाही चालत असे, एवढें यावरून कळतें. शब्दाचा मूळ अर्थ लॅटिन शब्दावरून आलेला, 'खेंचर' असा आहे. घोडा आणि गाढव यांच्या संकरांतून खेंचर जन्मतें. म्हणून ज्याचे आईबाप दोन निराळ्या जमातींचे, त्याला हें टोपणनांव मिळत असावें, असें कित्येक पंडित मानतात. कॅडवाला हें नांव ब्रिटन लोकांच्या भाषेंतलें आहे, ही गोष्ट त्या तर्काला पुष्टि देते.

'वर्थ' अंतीं असलेलीं नांवें इंग्लंडांत पुष्कळ आहेत. लंडनमधील वाँड्सवर्थ, वॉरिकशरमधील केनिलवर्थ हीं गांवांचीं. वर्ड्सवर्थ, बटरवर्थ, एन्सवर्थ हीं आडनांवें. नैर्ऋत्येकडे, डेव्हनमध्यें, हाच शब्द 'वर्दी' असा लांबतो, आणि वेल्सच्या सीमेजवळ त्याच्याच कुळांतला 'वर्डीन' हा शब्द भेटतो.

आतां गांवाचें नांव आडनांव कसें झालें, तें पाहूं. नॉर्मन विजयापूर्वीं इंग्लंडांत वंशपरंपरागत आडनांवांची चाल नव्हती. ती प्रथम जमीनदार घराण्यांत आली, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांपर्यंत सर्वसाधारण लोकांतही रुजली. कोणी धंद्यावरून ओळखला जाई, कोणी बापाच्या नांवावरून, कोणी अंगच्या एखाद्या खुणेवरून, आणि कोणी गांवावरून. गांवावरून पडलेल्या आडनांवाचें एक मर्म आपणां मराठी लोकांना चटकन् कळेल. सावंतवाडींत राहणाऱ्याला त्याचे शेजारी सावंतवाडीकर म्हणून हांक मारीत नाहींत. तेथें सगळेच सावंतवाडीचे! तो गांव सोडून दुसरीकडे जातो, तेव्हां त्याला तें नांव चिकटतें. कांहीं जमीनदार आपल्या मालकीच्या गांवाचें नांव गांवांत राहूनही धारण करीत. पण सामान्य माणसाच्या बाबतींत असें आडनांव बहुधा स्थलांतराची खूण असते. मोल्सवर्थ घराण्याच्या वंशवृत्तांत पहिल्या एडवर्ड राजाच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला, वॉल्टर द मोल्सवर्थ हा पूर्वज सांगितला जातो. त्यांतला 'द' म्हणजे 'चा'. पुढें तो गळाला, आणि गांवाचें नांव तेवढें उरलें.

येथेंच या आडनांवाच्या दुर्मिळपणाचें पहिलें कारण आहे. लोहार हा गांवोगांव असे. म्हणून 'स्मिथ' हें आडनांव शेंकडों ठिकाणीं स्वतंत्रपणें निर्माण झालें, आणि आज ब्रिटनमध्यें तें धारण करणारे पांच लाखांहून अधिक आहेत. मोल्सवर्थ हें गांव मात्र लहान. तेथून बाहेर पडणारीं कुटुंबें थोडीं, आणि त्यांतून आडनांव म्हणून तें टिकविणारीं त्याहून थोडीं. त्यांतच १३४८-४९ सालच्या महामारीनें इंग्लंडची निदान एक तृतीयांश वस्ती नाहींशी केली. एक-दोन घरांतच चाललेलें नांव अशा तडाख्यांत कायमचें पुसलें जाणें अगदीं सोपें होतें.

दुसरें कारण गणिताचें आहे. आडनांव मुलग्यांकडून पुढें जातें. एका बापाला चार मुलगे होतात, दुसऱ्याला केवळ मुली होतात, तिसरा निःसंतान राहतो. फ्रान्सिस गाल्टन यानें १८७३ सालीं 'एज्युकेशनल टाइम्स' या पत्रांत हें कोडें घातलें, कीं अशा निव्वळ योगायोगानें किती आडनांवें नष्ट होतील? हेन्री वॉटसन या गणितज्ञ धर्मोपदेशकानें तें सोडविण्याचा मार्ग दाखविला, आणि १८७४ सालीं दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या विचारसरणीचें सार असें, कीं दर बापामागें सरासरी एकच मुलगा जगत असेल, तर वस्ती घटली नाहीं तरी आडनांवें मात्र एकामागून एक विझत जातात. त्यांत कोणाच्या बुद्धीचा किंवा कर्तबगारीचा संबंध नसतो. उलट एखाद्या नांवाचें नशीब उघडतेंही. बटरवर्थ हेंही मूळचें एका ठिकाणाचेंच नांव. पण रॉचडेलच्या आसपास तें इतकें फोफावलें, कीं लँकाशरमध्यें तें अगदीं नेहमींचें झालें. मोल्सवर्थच्या वांट्याला असा विस्तार आला नाहीं.

दुर्मिळ आडनांवाचे सगळे लोक एकाच रक्ताचे असतात काय? लेस्टर विद्यापीठांतील संशोधकांनीं २००६ सालीं, बापाकडून मुलग्याकडे जाणाऱ्या गुणसूत्राची तपासणी करून, समान आडनांवाच्या पुरुषांच्या १५० जोड्या पाहिल्या. आडनांव जितकें दुर्मिळ, तितका दोघांचा पूर्वज एक असण्याचा संभव अधिक, असें त्यांना आढळलें. परंतु संभव म्हणजे खात्री नव्हे. दत्तकविधान, आईचें नांव लावणें, मालकाचें नांव घेणें, अशा अनेक वाटांनीं परकें रक्त एका नांवाखालीं येतें. केवळ नांवाच्या बळावर कुळाचा अभिमान मिरविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

नांव थोड्यांचें असलें, तरी त्या थोड्यांनीं तें दूरवर नेलें. रॉबर्ट मोल्सवर्थ यानें १६९४ सालीं डेन्मार्क देशावर ग्रंथ लिहून, एखादें राष्ट्र आपलें स्वातंत्र्य कसें गमावतें याचें विवेचन केलें. १७१६ सालीं त्याला उमरावपद मिळालें. त्याचा मुलगा रिचर्ड यानें १७०६ सालच्या रामियीच्या लढाईंत, घोड्यावरून पडलेल्या मार्लबरो सेनापतीला स्वतःचा घोडा देऊन वांचविलें. डब्लिनमध्यें या घराण्याच्या नांवाचा जो रस्ता आहे, तो आज आयर्लंडच्या संसदेसमोर येऊन थांबतो. न्यूझीलंडची संसदही वेलिंग्टन शहरांतील मोल्सवर्थ रस्त्यावरच आहे. तो सर विल्यम मोल्सवर्थ यांच्या नांवाचा. कैद्यांना जहाजांतून ऑस्ट्रेलियास धाडण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७-३८ च्या समितीचे ते अध्यक्ष होते. गिलफर्ड मोल्सवर्थ हे इंजिनियर हिंदुस्थानांतील सरकारी रेल्वेचे सल्लागार झाले, आणि त्यांचें खिशांत मावणारें सूत्रांचें पुस्तक दोन-तीन पिढ्यांच्या इंजिनियरांनीं वापरलें.

परंतु नियतीची खरी थट्टा पुढेंच आहे. इंग्लंडांत आज हें नांव उच्चारलें, तर अनेकांना एक काल्पनिक शाळकरी पोर आठवतो. जेफ्री विलन्स यानें लिहिलेल्या आणि रोनाल्ड सर्ल यानें चित्रांनीं सजविलेल्या, १९५३ पासून निघालेल्या विनोदी पुस्तकांचा हा नायक नायजेल मोल्सवर्थ. त्याची सर्वांत मोठी ख्याति ही, कीं त्याला एकही शब्द धड लिहितां येत नाहीं! आणि महाराष्ट्रांत? तेथें हेंच नांव शब्दाच्या शुद्ध रूपाचें आणि खऱ्या अर्थाचें प्रमाण मानलें जातें.

हें घडविलें जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांतील या अधिकाऱ्यानें, पेशवाई बुडून फार वर्षें झालीं नव्हतीं अशा काळांत, मराठी शब्द गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंचें साहाय्य त्यांना होतें, आणि ज्यांच्यावांचून हें कामच झालें नसतें अशा शास्त्रीपंडितांचेंही होतें. मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं, आणि पुष्कळ वाढविलेली दुसरी १८५७ सालीं मुंबईस निघाली. बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं तिचा संक्षेप केला. शिष्टांच्या शब्दांबरोबर शेतांतले, बाजारांतले, बायकांच्या बोलण्यांतले शब्दही त्यांत आले. म्हणून आज वापरांतून गेलेल्या कित्येक शब्दांचा तोच एक आधार उरला आहे.

यावरून आडनांवाच्या प्रचाराचीं दोन मापें आहेत असें दिसतें. एक जनगणनेचें, तें नांव धारण करणारीं माणसें मोजतें, आणि त्या मापानें मोल्सवर्थ हें अगदीं लहान नांव ठरतें. दुसरें माप लोकांच्या जिभेचें. ज्या प्रांतांत त्या नांवाचें घराणें कधीं रुजलें नाहीं, तेथें पावणेदोनशें वर्षें तें बोललें जात आहे. मूल नांवाच्या माणसानें आपल्या जमिनीभोंवतीं कुंपण घालून वाडी वसविली, ती आपल्यापुरती. त्या वाडीचें नांव लावणाऱ्या एका पुरुषानें परक्या भाषेचे विखुरलेले शब्द एका आवारांत आणून ठेविले, ते सर्वांसाठीं. नांवाची व्युत्पत्ति त्याच्या पहिल्या धन्याचा पत्ता देते. त्याचें मोल मात्र तें पुढें धारण करणारांच्या कामावरून ठरतें.