घरात आणलेले ऊन : पाळीव कासवाच्या पेटीचा इतिहास

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द तळ्यातल्या, समुद्रातल्या आणि माळरानावरच्या अशा सर्वच कवचधारी प्राण्यांना पुरतो. इंग्रजीत मात्र पाण्यात राहणाऱ्याला टर्टल आणि जमिनीवर चालणाऱ्याला टॉर्टॉइज म्हणण्याची रीत आहे, आणि हा प्राणी माणसाच्या घरात कसा आला हे पाहताना तो भेद लक्षात ठेवावा लागतो. कारण जमिनीवरचे कासव आधी बागेत आले व तेथून फार उशिरा घरात शिरले, तर पाणकासव एकदम टेबलावरच्या भांड्यातच येऊन बसले. दोघांची गरज मात्र एका बाबतीत सारखी आहे. कासवाला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून अंगाचे तापमान राखता येत नाही, म्हणून ते उन्हात जाऊन तापते आणि सावलीत किंवा पाण्यात शिरून निवते. अशा बसण्याला मराठीत ‘ऊन खाणे’ म्हणतात, आणि कासवाच्या बाबतीत हा वाक्प्रचार जवळजवळ शब्दशः खरा ठरतो, कारण उन्हातील अतिनील किरण कातडीवर पडले की तेथे ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते व त्या जीवनसत्त्वावाचून अन्नातला कॅल्शियम हाडांना आणि कवचाला लागत नाही. घरात कासव ठेवण्याच्या साधनांचा इतिहास हा म्हणूनच मुख्यतः ऊन घरात कसे आणावे याचा इतिहास आहे, जरी त्यातल्या पहिल्या कित्येक पिढ्यांना उणीव उन्हाची आहे याची कल्पनाही नव्हती.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा प्रश्नच उद्भवत नव्हता. हँपशरमधील सेलबर्न गावचे पाद्री व निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1780 मध्ये आपल्या आत्याचे भूमध्यसागरी कासव ससेक्समधून स्वतःच्या बागेत आणले. ‘टिमथी’ या पुरुषी नावाने ओळखले जाणारे हे कासव मादी असल्याचे पुढे त्याच्या कवचावरून उघड झाले, आणि ते कवच आजही लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जपलेले आहे. व्हाइट यांच्या नोंदींतून दिसते की हे कासव हिवाळ्यापूर्वी स्वतःच जमीन उकरून आत शिरे, वसंतात वर येई, पावसाची चाहूल लागताच आडोसा शोधी आणि भिंतीलगतच्या उबेत पडून राही. थोडक्यात, त्याचे घर त्याने स्वतःच बागेत निवडले होते आणि मालकाला केवळ ते पाहत राहायचे होते. इतकी निवांत मालकी पुढच्या काळात कासव पाळणाऱ्यांच्या वाट्याला सहसा आली नाही.

एकोणिसाव्या शतकात काच स्वस्त झाली आणि निसर्गाचा एखादा तुकडा बैठकीच्या खोलीत मांडण्याची हौस इंग्लंडच्या मध्यमवर्गात पसरली. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांनी बंद काचपेटीत नेचे वाढवण्याची पद्धत लोकप्रिय केली, 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचला. काचपेटीत पाणी, माती व वनस्पती जगतात हे या हौसेने सिद्ध केले, पण तिच्याबरोबर एक गैरसमजही आला. काचेतून उजेड आत येतो म्हणजे ऊनच आत आले, असे मानले गेले. प्रत्यक्षात खिडकीची साधी काच उजेड आणि ऊब आत सोडते व ड जीवनसत्त्वासाठी लागणारे आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण बहुतांशी बाहेरच अडवते. काचेआड ठेवलेला सरपटणारा प्राणी उजेडात बसलेला दिसे, खातही असे, आणि तरीही त्याची हाडे मऊ पडत जात.

या कोड्याची उकल प्राणिशास्त्राच्या बाहेरून आली. कारखान्यांच्या धुराने झाकोळलेल्या युरोपीय शहरांतील मुलांना मुडदूस होई, म्हणजे वाढत्या वयात हाडे मऊ राहून पाय वाकत. बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी 1919 मध्ये पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण देऊन हा आजार बरा होतो असे दाखवले, त्याच सुमारास ब्रिटनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून आहाराची बाजू उलगडली आणि 1922 मध्ये अमेरिकेत एल्मर मॅककॉलम यांनी त्या घटकाला ड जीवनसत्त्व हे नाव दिले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरासाठी हे ज्ञान लगेच वापरण्याचे श्रेय बरेचसे जोन प्रॉक्टर या एका विलक्षण स्त्रीकडे जाते. शाळकरी वयातच मगरीचे पिल्लू पाळणाऱ्या प्रॉक्टर 1923 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरीसृप विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि 1927 मध्ये उघडलेल्या नव्या सरीसृपगृहाच्या आराखड्यात त्यांनी अतिनील किरण आत सोडणारी ‘व्हिटा-ग्लास’ नावाची खास काच बसवून घेतली, तसेच विजेवर तापणारे खडक ठेवून एकाच पिंजऱ्यात उबदार व थंड अशा दोन्ही जागा राहतील अशी व्यवस्था केली. ही काच ऊन लागून लागून हळूहळू आपला गुण गमावते हे कालांतराने ध्यानात आले. प्रॉक्टर 1931 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारल्या. सामान्य माणसाच्या घरी मात्र त्यांच्या या सुधारणांपैकी काहीही पोहोचले नाही.

त्या घरी पोहोचले ते प्लॅस्टिकचे भांडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात पाणकासवांची शेती उभी राहिली. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात मूळ असलेल्या आणि डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेल्या जातीची प्रौढ कासवे तळ्यांत ठेवायची, त्यांची अंडी गोळा करून उबवायची आणि रुपयाएवढी पिल्ले देशभरच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत पाठवायची, असा हा धंदा होता. त्याचे गणित पिल्लाच्या शरीरातच दडलेले होते, कारण अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू काही दिवस पोटातल्या पिवळ्या बलकाच्या शिल्लक साठ्यावर निभावते, म्हणून शेतकऱ्याला व वाहतूकदाराला त्याला खाऊ घालण्याचा खर्च जवळजवळ नव्हता आणि ते उपाशी पडू लागण्याच्या सुमारास ते गिऱ्हाइकाच्या हाती पडलेले असे. त्याच्याबरोबर विकले जाणारे घर म्हणजे उथळ, पारदर्शक प्लॅस्टिकचे भांडे, मधोमध चढण असलेले छोटेसे बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचे ताडाचे झाड. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या या प्राण्याला ताडाचा काय उपयोग हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ते झाड त्याच्यासाठी नव्हतेच. अन्न म्हणून ‘मुंग्यांची अंडी’ या नावाने वाळवलेले मुंग्यांचे कोश डबीतून मिळत. काही विक्रेते कवचावर रंगाने फुले वा गावाचे नाव काढून देत, आणि त्या रंगाखाली वाढणारे कवच वेडेवाकडे होई.

या भांड्यात पोहण्याइतके खोल पाणी नव्हते, पाणी गाळण्याची सोय नव्हती, ऊब देणारा दिवा नव्हता, आणि अतिनील किरणांचा तर प्रश्नच नव्हता. कोरड्या कीटकांत अ जीवनसत्त्व अपुरे असल्याने पिल्लांचे डोळे सुजून मिटत, आणि डोळ्यांनी भक्ष्य हेरणारा प्राणी दिसेनासे झाले की खाणे सोडून देई. दुसरीकडे कॅल्शियम व उन्हाच्या अभावी कवच बोटाने दाबले जाण्याइतके मऊ पडे. असंख्य पिल्ले काही आठवड्यांत वा महिन्यांत मरत, आणि ती इतकी स्वस्त असत की पालक दुसरे आणून देत. त्यामुळे कासव हा मुळातच अल्पायुषी प्राणी असावा असा समज अनेक अमेरिकी घरांत झाला असल्यास नवल नाही. हीच जात नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे जगते आणि मादीचे कवच 25 सेंटिमीटरच्या पलीकडे जाते. भांड्याने हे वय आणि हा आकार दोन्ही गिऱ्हाइकाच्या नजरेआड ठेवले, आणि धंद्याच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण होता.

हे भांडे दुकानांतून हटले ते कासवांच्या मृत्यूंमुळे नव्हे. साल्मोनेला नावाचे जिवाणू कासवाच्या आतड्यात त्याला आजारी न पाडता राहतात आणि विष्ठेतून पाण्यात उतरतात. माणसाला, विशेषतः लहान मुलांना, त्यांच्यामुळे ताप व तीव्र जुलाब होतात. भांडे लहान आणि पाणी थोडे असल्याने त्यात जिवाणूंची दाटी होई, ते भांडे बहुधा स्वयंपाकघराच्या बेसिनमध्येच धुतले जाई, आणि पिल्लू मुलाच्या तोंडात मावे एवढेच असे. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दरवर्षी सुमारे 2,80,000 जणांना कासवांपासून हा संसर्ग होत असावा असा अंदाज मांडला गेला. जिवाणूमुक्त असल्याचा दाखला घेऊनच पिल्ले विकावीत हा उपाय आधी करून पाहिला गेला व तो फसला, कारण तपासणीच्या दिवशी स्वच्छ ठरलेले पिल्लू पुढे पुन्हा जिवाणू सोडू लागे. अखेर 1975 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरांहून, कमी लांबीच्या कवचाचे जिवंत कासव पाळीव प्राणी म्हणून विकण्यास बंदी घातली. मोजपट्टी ठरवताना निकष मुलाच्या तोंडाचा होता. तरी नकळत तिने कासवाचेही भले केले, कारण चार इंच गाठायला काही वर्षे खाऊ घालावे लागते आणि फुकट पिल्लाचे गणित तेथे मोडते.

धंदा मात्र मोडला नाही, कारण निर्यातीला मुभा राहिली होती. लुईझियानाच्या विद्यापीठातील संशोधकांनी अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकात बुडवून जिवाणू कमी करण्याची पद्धत काढली, तिच्यातून त्या औषधाला न जुमानणारे साल्मोनेला निपजल्याचे पुढे आढळले, आणि तरीही पिल्ले आशिया व युरोपकडे जात राहिली. 1984 मध्ये ‘टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स’ हे चित्रकथांचे पुस्तक निघाले, 1987 मध्ये त्याची कार्टून मालिका आली आणि मुलांच्या हट्टाने मागणी आणखी चढली. 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक पिल्ले बाहेर गेल्याचे सांगितले जाते. वाढलेली कासवे तळ्यांत व कालव्यांत सोडली गेली आणि ऊन खाण्याच्या मोक्याच्या ओंडक्यांवरून त्यांनी स्थानिक कासवांना हुसकावले. युरोपीय संघाने 1997 मध्ये तांबड्या पट्ट्याच्या कासवाची आयात थांबवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच जातीतल्या पिवळ्या भावंडांकडे मोर्चा वळवला, म्हणून 2016 मध्ये ती संपूर्ण जातच आक्रमक जातींच्या यादीत घालावी लागली.

याच काळात पेटीचे रूप पालटले. त्याचे शास्त्रीय मूळ रेमंड कौल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरड्या-सापांवर 1944 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. सरपटणारे प्राणी उन्हासावलीत ये-जा करून अंगाचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात हे त्यांनी दाखवले. प्रॉक्टर यांनी अनुभवाने ओळखलेल्या गोष्टीला त्यामुळे मोजमापाचा आधार मिळाला, आणि पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली 32 ते 35 अंश सेल्सियसची कोरडी जागा, दुसऱ्या टोकाला त्याहून बरेच थंड व पाणी साधारण 24 ते 27 अंशांचे, ही मांडणी हळूहळू रूढ झाली. उष्णतेचा प्रश्न असा सुटला तरी किरणांचा राहिला. 1970 च्या दशकात ‘पूर्ण वर्णपटाच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूब उन्हासारख्या दिसत, पण त्यांतून उपयोगी अतिनील किरण फारच थोडे निघत. खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेल्या व भरीव किरण देणाऱ्या ट्यूब 1990 च्या दशकात बाजारात आल्या. त्याही व्हिटा-ग्लासप्रमाणे वापराने मंदावतात, आणि उजेड तसाच राहून किरण तेवढे घटत असल्याने, धडधाकट दिसणारी ट्यूब सहा महिने ते वर्षभरात बदलण्याचा विचित्र नियम पाळणाऱ्यांना शिकावा लागला.

जमिनीवरच्या कासवाने आणखी एक धडा दिला. घरात वाढलेल्या कासवांच्या पाठीवरील प्रत्येक खवला अनेकदा पिरॅमिडसारखा उंचावतो, आणि हा दोष दीर्घकाळ जादा प्रथिनांच्या माथी मारला गेला होता. पण 2003 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकी कासवांच्या पिल्लांवरील प्रयोगात हवेच्या कोरडेपणाचा वाटा प्रथिनांपेक्षा फार मोठा असल्याचे दाखवले. रखरखीत प्रदेशातला प्राणी म्हणून ज्याला दिव्याखाली कोरडे ठेवले जात होते, ते पिल्लू निसर्गात ओलसर मातीत आणि गवताच्या बुडख्यात वाढते, हे लक्षात आल्यावर ओलसर शेवाळाची खोपी पेटीत आली.

भारतात या इतिहासाला कायद्याने वेगळे वळण दिले. महाराष्ट्रातील अनेक देवळांत गाभाऱ्यापुढे दगडी वा पितळी कासव असते, परंतु जिवंत देशी कासव घरात ठेवण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव केला आहे, आणि चोरट्या व्यापारात सर्वाधिक सापडणाऱ्या तारा कासवाला 2019 मध्ये ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या कठोरतम यादीत स्थान मिळाले. परिणामी मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयांच्या दुकानांत नवख्या हौशी माणसासमोर येते ते लुईझियानाच्याच कुळातले तांबड्या पट्ट्याचे पिल्लू, आणि बहुधा त्याच्याबरोबर उथळ प्लॅस्टिकचे भांडे व ताडाचे झाडही. अमेरिकेने पन्नास वर्षांपूर्वी हटवलेली वस्तू येथे नवी म्हणून मिळते. एका बाबतीत मात्र येथील सदनिका लंडनच्या सरीसृपगृहाहून सुदैवी आहे : ज्या किरणांसाठी प्रॉक्टर यांना खास काच मागवावी लागली, ते गॅलरीच्या उघड्या गजांतून सकाळी फुकट आत येतात, फक्त सरकती काच बाजूला करावी लागते आणि निम्म्या टबावर फळी टाकून सावली ठेवावी लागते, कारण वैशाखात टबभर पाणी पाहता पाहता तापते.