ऑस्वल्ड व्यंगपट : शोध आणि पुनरुद्धार

ऑस्वल्ड व्यंगपट : वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने 1927-28 मध्ये तयार केलेले, ‘ऑस्वल्ड द लकी रॅबिट’ हा ससा नायक असलेले 26 मूक, कृष्णधवल व्यंगपट. प्रत्येक एका रिळाचा, पाच-सहा मिनिटांचा. मिकी माउसचा पूर्वज एवढीच या सशाची ओळख बहुतेक ठिकाणी दिली जाते. जुन्या चित्रपटांच्या जतनाच्या दृष्टीने मात्र ही मालिका त्याहून मोलाची आहे. निर्मात्याच्या हातून हक्क गेलेले, वितरकाने वाऱ्यावर सोडलेले छोटे पट ऐंशी-नव्वद वर्षांनी कुठून आणि कसे परत मिळतात, त्यांना घरच्या पडद्यावर आणताना काय करावे लागते आणि काय करू नये, याचे हे ठळक उदाहरण आहे.

हक्क आणि हानी : चार्ल्स मिंट्झ हा मध्यस्थ, युनिव्हर्सल ही वितरक कंपनी आणि डिस्ने हा कंत्राटी निर्माता, अशी मूळची रचना होती. रेखाटनाचा मोठा भार अब आयवर्क्स या चित्रकारावर होता. पहिला व्यंगपट ‘पूअर पापा’ युनिव्हर्सलला पसंत पडला नाही आणि तो बाजूला ठेवला गेला. त्यामुळे 5 सप्टेंबर 1927 रोजी मालिका सुरू झाली ती ‘ट्रॉली ट्रबल्स’ने. 1928 च्या सुरुवातीला डिस्ने वाढीव रक्कम मागायला न्यूयॉर्कला गेला, तेव्हा मिंट्झने उलट रक्कम कमी करायची अट घातली. सशाचे हक्क युनिव्हर्सलकडे होते आणि डिस्नेचे बहुतेक चित्रकार मिंट्झने आधीच फोडले होते. आयवर्क्स मात्र डिस्नेकडेच राहिला. त्याच वर्षी मिकीचा जन्म झाला आणि ऑस्वल्ड आधी मिंट्झकडे, मग वॉल्टर लँट्झकडे गेला.

बोलपट आल्यावर मूक व्यंगपटांना बाजारात किंमत उरली नाही. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला युनिव्हर्सलने काही ऑस्वल्डपटांना संगीत जोडून ते पुन्हा बाजारात आणले. त्यात ध्वनिपट्टीला जागा करताना चित्राची डावी कड छाटली गेली, आणि पुढे काहींच्या बाबतीत हीच छाटलेली प्रत हाताशी राहिली. मूळ फिल्म नायट्रेटची, झपाट्याने पेट घेणारी. पेटली नाही तरी कालांतराने ती आकसते, चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला 2003 मध्ये लागलेल्या आगीमुळे हा धोका मराठी वाचकाला ऐकून माहीत आहे. ऑस्वल्डचे नुकसान आगीपेक्षा अनास्थेने जास्त केले. 1948 मध्ये युनिव्हर्सलने आपल्याकडचा उरलासुरला मूकपटांचा साठा स्वतःच नष्ट केला. तेव्हा या निर्णयाबद्दल कोणाला फारशी हळहळ वाटली नसावी, कारण साठा सांभाळायचा खर्च होता आणि त्यातून उत्पन्न शून्य.

पुनर्शोध : फेब्रुवारी 2006 मध्ये डिस्ने कंपनीने क्रीडा-समालोचक अल मायकल्स यांना करारातून मोकळे करून युनिव्हर्सलच्याच समूहातल्या एनबीसीकडे जाऊ दिले आणि त्या व्यवहारात इतर गोष्टींबरोबर ऑस्वल्डचे हक्क परत मिळवले. एका हाडामांसाच्या समालोचकाच्या बदल्यात कागदावरचा ससा आला, अशी थट्टा तेव्हा बरीच झाली. हक्क आले, पण चित्रपट आले नाहीत. डिस्नेला मालकी मिळाली होती ती मुख्यतः एका यादीची. त्यातल्या अनेक नावांपुढे पाहण्याजोगी प्रत नव्हती.

हरवलेला चित्रपट सापडला म्हटले की तळघरातली धुळीने भरलेली पेटी डोळ्यांसमोर येते. ऑस्वल्डच्या बाबतीत घडले ते फार वेगळे. बहुतेक प्रती संग्रहालयांत किंवा संग्राहकांच्या कपाटांत व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. आपल्याकडे काय आहे, हे मात्र ठेवणाऱ्याला ठाऊक नव्हते. परदेशी गेलेली प्रत वितरणाच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचली की ती परत पाठवायचा खर्च कोणी करत नसे, म्हणून युरोपातल्या संग्रहांत अशा प्रती टिकल्या. ‘आफ्रिका बिफोर डार्क’ 2009 मध्ये व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन चित्रपट संग्रहालयात मिळाला. ‘हंग्री होबोज’ इंग्लंडमधल्या हंटली फिल्म आर्काइव्ह्ज या खासगी संग्रहात 2011 मध्ये ओळखला गेला. त्याच डिसेंबरात बॉनहॅम्सने लॉस एंजेलिसमध्ये त्याचा लिलाव केला आणि डिस्नेने तो 31,250 डॉलरांना विकत घेतला. आपणच काढलेला व्यंगपट कंपनीला भर लिलावात बोली लावून सोडवून आणावा लागला.

‘एम्प्टी सॉक्स’ (1927) या नाताळपटाचे जेमतेम काही सेकंद माहीत होते. 2014 मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मू-इ-राना इथल्या साठ्याची मोजदाद चालू असताना दोन नायट्रेट रिळांत तो जवळजवळ पूर्ण मिळाला. मधला सुमारे मिनिटभराचा भाग तेवढा नाही. ‘स्ले बेल्स’चा (1928) शोध तर संगणकासमोर बसून लागला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहाची सूची इंटरनेटवर चाळताना एका अभ्यासकाच्या नजरेला ती नोंद पडली, आणि डिसेंबर 2015 मध्ये लंडनला तो व्यंगपट पुन्हा दाखवला गेला. प्रत संस्थेकडे 1981 पासून होती.

जपानमधली हकीकत सर्वांत रंजक आहे. चित्रपटगृहांतून उतरलेल्या प्रती कापून त्यांचे छोटे तुकडे घरगुती, हाताने फिरवायच्या खेळण्यातल्या प्रोजेक्टरसाठी विकण्याची तिथे रीत होती. ॲनिमेशनचे इतिहासकार यासुशी वातानाबे यांनी किशोरवयात ओसाकात 500 येनना एक 16 मिमीचा तुकडा घेतला होता. त्यावर ‘मिकी मांगा स्पाइड’ असे नाव होते. त्यात मिकी नव्हता, होता लांब कानांचा ऑस्वल्ड, आणि त्याच्या मोटारीमागे पोलीस. डेव्हिड बॉसर्ट यांचे हरवलेल्या ऑस्वल्डपटांवरचे 2017 चे पुस्तक वाचल्यावर वातानाबे यांना आपल्या जुन्या फितीची आठवण झाली, आणि 2018 मध्ये ती ‘नेक अँड नेक’ असल्याचे निश्चित झाले. पाच मिनिटांपैकी सुमारे दोन मिनिटे त्यात उरली आहेत. त्याच व्यंगपटाचा आणखी एक तुकडा क्योतोच्या टॉय फिल्म म्युझियममध्ये निघाला. चित्रपटगृहाची अखंड प्रत नाहीशी झाली आणि मुलांच्या खेळण्यासाठी कापलेली प्रत राहिली.

अशा तुकड्याची ओळख पटवणे सोपे नसते. शीर्षकाची पाटी बहुधा गेलेली असते किंवा बदललेली असते. मिंट्झ आणि लँट्झ यांच्या काळातही ऑस्वल्डचे व्यंगपट निघत राहिले, आणि सुरुवातीच्या मिंट्झपटांतला ससा डिस्नेच्या सशासारखाच दिसतो. अशा वेळी हक्कनोंदणीसाठी दाखल केलेले कथासार आणि ‘युनिव्हर्सल वीकली’सारख्या त्या काळच्या व्यवसायपत्रांतली वर्णने प्रसंगाशी ताडून पाहतात.

पुनरुद्धार : आकसलेली फिल्म साध्या यंत्रात घालता येत नाही, दात्यांवर तिची भोके फाटतात. म्हणून तिच्या मापाला जुळवून घेणाऱ्या स्कॅनरवर ती एकेक फ्रेम करून उतरवली जाते. चित्र घेताना फिल्म विशिष्ट द्रवात भिजलेली ठेवली, तर वरवरचे ओरखडे द्रवाने भरून निघतात आणि दिसेनासे होतात. पुढची डगडग, प्रकाशाची फडफड, डाग आणि तुटके जोड संगणकावर दुरुस्त होतात.

व्यंगपटाला एक सोय आहे जी नटांच्या चित्रपटाला नाही. बऱ्याच ठिकाणी एकच चित्र सलग दोन फ्रेमवर टिपलेले असते, त्यामुळे एक फ्रेम खराब असेल तर शेजारची उपयोगी पडते. चालणे, धावणे, चाक फिरणे अशा हालचाली ठरावीक चित्रे पुन्हा पुन्हा वापरून केलेल्या असतात. एका फेरीत गळालेले चित्र पुढच्या फेरीतून घेता येते. स्थिर पार्श्वभूमीचा भंगलेला कोपराही दुसऱ्या फ्रेममधून पुरा करता येतो.

याच माध्यमाला एक मोठा धोकाही आहे. धूळ आणि ओरखडे आपोआप ओळखून पुसणाऱ्या संगणक-प्रणाली एका फ्रेममध्ये दिसणारी आणि पुढच्या फ्रेममध्ये नसणारी काळी खूण ही घाण समजतात. व्यंगपटात अशी खूण म्हणजे अनेकदा वेगाने हललेला हात, मिशी किंवा भुवई. पुसट केलेल्या रेषा, मध्येच तुटलेली बोटे, मेणासारखी गुळगुळीत झालेली बाह्यरेषा हे दोष डीव्हीडीच्या काळात निघालेल्या कितीतरी कार्टून-संचांत दिसतात, आणि रसिकांनी त्यावर रास्त ओरड केली. मूळ चित्रीकरणाच्या वेळी काचेखाली अडकलेला धुळीचा कण हा तर कलाकृतीचाच भाग. तो काढणाऱ्याने जुना व्यंगपट सुधारला असे म्हणणे कठीण आहे. थोडा ओरखडा राहिला तर प्रेक्षक तो विसरतो. गेलेली रेषा परत येत नाही.

वेग आणि संगीत हे आणखी दोन प्रश्न. मूकपटांना एकच ठरलेला वेग नव्हता, आणि वेग चुकला की विनोदाची नेमकी वेळ चुकते. मूळ प्रदर्शनात संगीत चित्रपटगृहातला वादक वाजवत असे, म्हणून घरगुती आवृत्तीसाठी ते नव्याने करावे लागते. डिस्नेच्या संचासाठी ते मूकपट-संगीताचे जाणकार रॉबर्ट इझ्रायल यांनी केले.

प्रकाशन : तो संच ‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ या मालिकेत डिसेंबर 2007 मध्ये डीव्हीडीवर आला. त्यात 13 ऑस्वल्डपट, चित्रपट-समीक्षक लेनर्ड मॉल्टिन यांची प्रास्ताविके आणि आयवर्क्सवरचा माहितीपट आहे. त्यानंतर मिळालेल्यांना स्वतंत्र संच लाभला नाही. ‘पूअर पापा’ 2017 मध्ये ‘पिनोकिओ’च्या आणि ‘आफ्रिका बिफोर डार्क’ त्याच वर्षी ‘बँबी’च्या ब्लू-रे आवृत्तीत पुरवणी म्हणून आला. संशोधकाच्या दृष्टीने हे अपुरे आहे, कारण ऑस्वल्डसाठी तबकडी घेणाऱ्याला ती हरणाच्या नावाखाली शोधावी लागते.

अमेरिकी कायद्यानुसार 1927 चे व्यंगपट जानेवारी 2023 मध्ये आणि 1928 चे जानेवारी 2024 मध्ये हक्कमुक्त झाले. सशाचा व्यापारचिन्ह-हक्क डिस्नेकडेच आहे, पण हे मूक व्यंगपट आता कोणीही स्कॅन करून, दुरुस्त करून विकू शकतो. स्टीव्ह स्टॅन्चफील्ड यांच्या थंडरबीनसारख्या छोट्या प्रकाशनांनी संग्राहकांकडच्या प्रती मिळवून अशी कामे इतर विस्मृत मालिकांवर आधीच केली आहेत. यादीतली काही नावे अजून कोणत्याच संग्रहात सापडलेली नाहीत. 2007 चा संच पत्र्याच्या डबीत, मर्यादित संख्येने निघाला होता. आता तोही संग्राहक जुन्या बाजारात शोधतात.