कृषीवल : एका पत्राची कुळकथा

चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर ज्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत आठ सत्याग्रही हुतात्मे झाले आणि खुद्द सरकारचे मामलेदार जोशी हेही प्राणास मुकले, ही हकीकत तेव्हाच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात घरोघर ठाऊक आहे. परंतु ज्या रयतेचे रक्त त्या दिवशी सांडले, तिला आपले म्हणावे असे पत्र लाभण्यास आणखी सात वर्षे जावी लागली, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्या पत्राचा जन्म संपाच्या पोटी झाला. अलिबागच्या खारेपाटातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत, लाकूडफाटा व मासळी विकून, प्रसंगी अर्धपोटी राहून, अक्षरशः पाळला. १९३४ साली चरीच्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले, आणि १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनीच मुंबईच्या विधिमंडळात मांडले. खोतापाशी दफ्तर होते, वकील होते, कचेरीत वजन होते. संपकऱ्यांपाशी गावोगाव तोंडी जाणारा निरोप तेवढा होता. ही उणीव भरून काढण्यासाठीच नारायण नागूंनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढले, असे माझे मत आहे.

नावाची निवड मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते. ‘कृषि’ शब्दास पाणिनीने सांगितलेला ‘वलच्’ प्रत्यय लागून, मधला इकार दीर्घ होऊन, ‘शेतकरी’ या अर्थाचा हा शब्द सिद्ध होतो. ऋग्वेदातील अरण्यानीच्या सूक्तात तर तो नकारार्थी रूपाने येतो, कारण नांगरणारा नसूनही विपुल अन्न देणारी अशी ती वनदेवता आहे. खोताच्या खात्यात ज्याची नोंद केवळ ‘कूळ’ अशी होई, त्याला या पत्राने आपल्या शिरोभागी त्याच्या कर्माने ओळखले.

पुढे केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभारला, तेव्हा ‘कृषीवल’ला दहा वर्षे होऊन गेली होती, पक्षाने पत्र काढले नाही, आधीच शेतकऱ्यांचे असलेले पत्र पक्षाचे झाले. हा क्रम केवळ आपल्याकडचाच नव्हे. नॉर्वेत छपाईच्या धंद्यातील ख्रिस्तियन होल्टरमान क्नुडसेन याने १८८४ साली ‘व्हॉर्ट आर्बाइड’, म्हणजे ‘आपले काम’, हे पत्र सुरू केले, आणि ज्या मजूर पक्षाचे ते पुढे मुखपत्र झाले, तो पक्ष १८८७ साली स्थापन झाला. ‘आर्बाइडरब्लादेत’ या नावाने अनेक दशके निघालेल्या त्या पत्राने १९९७ साली नावातला श्रमिक गाळला. अलिबागच्या पत्राच्या नावातला शेतकरी मात्र कायम आहे, आणि त्याचे श्रेय मी नारायण नागूंच्या घराण्याइतकेच त्या वाचकवर्गाला देतो.

पनवेल-उरणकडच्या ज्या घरांत ‘कृषीवल’चे जुने अंक माळ्यावर पडून असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करावेत, ही कळकळीची विनंती.