पाच खेळतात, चार मोजले जातात
अमेरिकेतल्या छोट्या खाजगी कॉलेजांनी गोल्फचे संघ का पोसले, याचं उत्तर मला करंडकांच्या कपाटापेक्षा प्रवेशखात्याच्या वहीत जास्त सापडतं. 1897 मध्ये कॉलेजांमधली पहिली मोठी गोल्फ स्पर्धा येलने जिंकली, तेव्हा हा सधन घरच्या मुलांचा खेळ होता. हिशोब पालटला तो 1973 मध्ये. कॉलेजांमधल्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने कॉलेजांचे तीन विभाग पाडले आणि तिसऱ्यात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायला बंदी घातली. त्या विभागातली गोल्फची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1975 मध्ये ओहायोतल्या वूस्टर कॉलेजने जिंकली. डिव्हिजन वनमध्ये पुरुष संघाला साडेचार आणि महिला संघाला सहा पूर्ण शिष्यवृत्त्या, एवढीच मर्यादा कित्येक वर्षं होती; प्रशिक्षक त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटत. तिथला प्रत्येक चांगला खेळाडू खर्चाच्या बाजूला पडतो. डिव्हिजन थ्रीमधला मुलगा मात्र फी भरणारा विद्यार्थी म्हणून येतो.

हे एकदा ध्यानात घेतलं की संघाची यादी वेगळी दिसू लागते. स्पर्धेत पाच जण उतरतात आणि रोज त्यांतल्या उत्तम चौघांचेच फटके मोजले जातात. निव्वळ खेळासाठी सात-आठ जण पुरे, तरी दहा-बारा नावांचे संघ सर्रास दिसतात. खर्च बेताचा : स्टेडियम नको, जवळच्या कोर्सशी बोलणी करून सराव, प्रवासाला एक व्हॅन, आणि प्रशिक्षक बहुधा असा की जो मुलांचा नि मुलींचा संघ एकत्रच पाहतो किंवा कॉलेजात दुसरंही काम करतो. त्यात डिव्हिजन थ्रीमधल्या हजारावर विद्यार्थी असलेल्या कॉलेजाला मुलांचे सहा आणि मुलींचे सहा खेळ चालवावेच लागतात. हा आकडा भरायला गोल्फसारखा स्वस्त खेळ बरा पडतो. मुलींच्या संघांना बळ देणारा 1972 चा टायटल नाइन कायदा आहेच.

यावर कुणी म्हणेल, ही कॉलेजं पहिल्या वर्षाच्या फीत सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, मग उरतं काय? खोली आणि बाक रिकामे असतील तर उरलेली निम्मी फीही जवळपास निव्वळ मिळकत असते. दुसरा आक्षेप जास्त टोचतो : तो मुलगा गोल्फ नसतं तरी आलाच असता, तर संघाने कमावलं काय? याचा रकाना कुठल्याच जमाखर्चात नसतो, आणि संघ फायद्यात असल्याचा दावा इथेच सर्वांत कच्चा आहे. पण डिव्हिजन वनला न पुरणारा आणि आणखी चार वर्षं खेळू पाहणारा मुलगा अशा कॉलेजांकडे वळण्यात संघाचा वाटा असणारच. या हिशोबाने खेळाचा दर्जा घसरतो म्हणावं, तर नॉर्थ कॅरोलायनातल्या मेथडिस्ट कॉलेजाने 1990च्या दशकातली पुरुषांची बहुतेक विजेतेपदं नेली. तिथे गोल्फ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही होता. म्हणजे मुलगा खेळायला येवो की शिकायला, फी त्याच तिजोरीत.

2025 पासून एनसीएएची नवी न्यायालयीन तडजोड स्वीकारणाऱ्या डिव्हिजन वनच्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण गोल्फच्या संघात 9 जणांहून अधिक घेता येत नाहीत. दहाव्या खेळाडूला तिथे आता जागाच नाही, आणि छोट्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना हवा असतो तो बहुतेक वेळा हाच दहावा.