रविवार शाळा

रविवार शाळा : वस्तीतील मुलांना रविवारी एकत्र जमवून त्यांना बायबलचे व ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे विनामूल्य शिक्षण देणारी संस्था. इंग्रजीतील ‘संडे स्कूल’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय असून मराठी ख्रिस्ती समाजात ‘शब्बाथ शाळा’ अशीही संज्ञा वापरली जाते. आज ही संस्था प्रार्थनामंदिराला जोडलेला धार्मिक वर्ग म्हणून ओळखली जाते. तथापि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तिचा प्रसार झाला, तेव्हा कामकरी मुलांना अक्षरओळख करून देणे हे तिचे एक प्रमुख कार्य होते. बायबल वाचता यावे म्हणून अक्षरे शिकवावयाची आणि ती शिकविण्याचे साधनही बायबलच, अशी तिची पद्धती होती. शिकलेल्या अक्षरांचा उपयोग मूल पुढे कशासाठी करील, हे मात्र शिक्षकांच्या हाती नव्हते. रविवार शाळांच्या व त्यांच्याशी निगडित अशा मिशन शाळांच्या इतिहासातील महत्त्वाचे वाद याच प्रश्नातून उद्‌भवले.

पूर्वपीठिका : सुटीच्या दिवशी मुलांना धर्मशिक्षण देण्याची प्रथा रविवार शाळेहून जुनी आहे. इटलीतील मिलान येथे कास्तेल्लीनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूने १५३६ मध्ये असे वर्ग सुरू केले आणि पुढे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी त्यांचा विस्तार केला. १५४२ मध्ये गोव्यात आलेले सेंट फ्रान्सिस झेव्हिअर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत व तिच्या नादाने जमलेल्या मुलांना चर्चमध्ये नेऊन प्रार्थना व धर्माज्ञा शिकवीत. फादर टॉमस स्टीफन्स यांचे दौत्रिन क्रिस्तां हे कोकणीतील प्रश्नोत्तररूप पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, रायतूर येथे छापले गेले. या सर्व प्रयत्नांत मुखोद्‌गत करण्यावर भर होता. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या मते प्रत्येकाने बायबल स्वतः वाचणे आवश्यक होते. त्यामुळे त्यांच्या रविवार शाळांत साक्षरतेला वेगळे महत्त्व आले.

इंग्लंडमधील चळवळ : हाय विकम येथे हॅना बॉल या मेथडिस्ट स्त्रीने १७६९ मध्ये मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला होता. त्याआधीही असे तुरळक प्रयत्न झाले होते. मात्र या कल्पनेला चळवळीचे रूप दिले ते ग्लॉस्टर येथील वृत्तपत्राचे मालक व संपादक रॉबर्ट रेक्स (१७३६–१८११) यांनी. तुरुंगसुधारणेच्या कार्यातून अज्ञान व गुन्हेगारी यांचा संबंध त्यांच्या ध्यानात आला होता. ग्लॉस्टर येथे टाचण्या तयार करण्याचा उद्योग भरभराटीस आलेला होता आणि त्यात लहान मुले सहा दिवस राबत असत. रविवारी ती मोकळी असत व रस्त्यांतून हुंदडत. टॉमस स्टॉक या धर्मोपदेशकाच्या साहाय्याने रेक्स यांनी १७८० मध्ये त्यांच्यासाठी शाळा सुरू केली. वस्तीतील साक्षर स्त्रियांना दर रविवारी एक शिलिंग वेतन देऊन शिकविण्यास नेमण्यात आले. मुले सकाळी दहाला येत, मधल्या वेळी घरी जाऊन परतत, वाचनाचा पाठ झाल्यावर चर्चमध्ये जात आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत धर्मविषयक प्रश्नोत्तरी पाठ करीत. हातपाय व तोंड धुतलेले असावे आणि केस विंचरलेले असावेत, एवढीच प्रवेशाची अट होती. कपडे फाटके असल्यास हरकत नसे.

रेक्स यांनी १७८३ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून या प्रयोगाची माहिती दिली व ती इतर नियतकालिकांतून सर्वत्र पोहोचली. विल्यम फॉक्स या बॅप्टिस्ट व्यापाऱ्याच्या पुढाकाराने रविवार शाळांना साहाय्य करणारी संस्था लंडनमध्ये १७८५ मध्ये निघाली, तर १८०३ मध्ये ‘संडे स्कूल युनियन’ची स्थापना झाली. १८३१ पर्यंत ग्रेट ब्रिटनमधील रविवार शाळांत सु. साडेबारा लाख मुले जात होती. वेतनावरील शिक्षिकांची जागा हळूहळू स्वयंसेवकांनी घेतली. त्यांत याच शाळांतून शिकून मोठे झालेले कामगारही पुष्कळ होते.

लेखनाविषयीचा वाद : वाचन शिकविण्यास बहुतेकांची संमती होती. लेखनाबद्दल मात्र तीव्र मतभेद होते. वाचनाने मूल धर्मग्रंथाकडे वळते. लेखन व गणित ही ऐहिक व्यवहाराची विद्या असल्याने ती शब्बाथाच्या दिवशी शिकविणे म्हणजे त्या दिवसाचा भंग होय, असे अनेक धर्मोपदेशक मानीत. यामागे एक सामाजिक भीतीही होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात गरिबांच्या हाती लेखणी गेल्यास समाजाची घडी विस्कटेल, असे वरिष्ठ वर्गाला वाटत होते. लेखिका हॅना मोर (१७४५–१८३३) यांनी १७८९ मध्ये सॉमरसेट परगण्यातील चेडर येथे शाळा काढली व पुढे मेंडिप टेकड्यांच्या परिसरात आणखी शाळा चालविल्या. त्यांत वाचन शिकवीत, लेखन कटाक्षाने टाळीत. एवढे करूनही शिकलेला मजूर काबूत राहणार नाही, अशी तेथील जमीनदार शेतकऱ्यांची तक्रार होतीच. वेस्लियन मेथडिस्ट पंथाच्या धुरीणांनीही १८२७ मध्ये रविवारच्या लेखनवर्गांविरुद्ध भूमिका घेतली. छापील मजकूर वाचता येतो पण सही करता येत नाही, अशी माणसे त्या पिढीत आढळत. त्यांच्या शिक्षणाची मर्यादा अशा धोरणानेही आखली होती. १८७० च्या शिक्षण अधिनियमाने प्राथमिक शाळांचा प्रसार झाला आणि १८८० मध्ये शालेय उपस्थिती सक्तीची झाली. त्यानंतर साक्षरतेचे कार्य दैनंदिन शाळांकडे गेले व रविवार शाळा धर्मशिक्षणापुरती उरली.

अमेरिकेतील प्रसार : फिलाडेल्फियात १७९०–९१ मध्ये ‘फर्स्ट डे सोसायटी’ने रविवारच्या शाळा काढल्या. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये केटी फर्ग्युसन (सु. १७७९–१८५४) या कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्या घरी वस्तीतील अनाथ व निराधार मुले जमविण्यास प्रारंभ केला. ती जन्माने गुलाम होती. तिच्या लहानपणीच तिची आई दुसऱ्या धन्याला विकली गेली होती. तिला स्वतःला वाचता येत नव्हते; आईकडून ऐकलेली बायबलमधील वचने ती मुलांना शिकवी. तिच्याकडे कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय अशी दोन्ही प्रकारची मुले येत. १८२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन संडे स्कूल युनियन’ने १८३० पासून मिसिसिपी खोऱ्यातील नव्या वसाहतींत शाळा व लहान ग्रंथसंग्रह पोहोचविण्याची मोहीम हाती घेतली.

दक्षिणेकडील संस्थानांत मात्र परिस्थिती निराळी होती. १८३१ मधील नॅट टर्नरच्या उठावानंतर तेथील अनेक संस्थानांनी गुलामांना अक्षरज्ञान देण्यावरील निर्बंध कडक केले. त्यातून गुलामांना बायबल तोंडी शिकवावे, पुस्तक त्यांच्या हाती देऊ नये, असा मार्ग काही धर्मोपदेशकांनी काढला. याच्या अगदी उलट प्रयत्न फ्रेडरिक डग्लस (सु. १८१८–९५) यांनी केला. मेरिलंडमध्ये स्वतः गुलाम असताना त्यांनी आपल्या बांधवांसाठी शब्बाथ शाळा चालविली. बायबलच्या आधारे वाचन शिकविणारी त्यांची एक शाळा श्वेतवर्णीयांच्या जमावाने उधळून लावली, तेव्हा त्यांनी पुढे दुसरी गुप्तपणे चालविली. तिच्यात चाळीसहून अधिक जण येत. ग्रंथ एकच असूनही तो केवळ ऐकविणे आणि वाचावयास शिकविणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. १८७२ मध्ये ठिकठिकाणच्या शाळांसाठी एकसमान साप्ताहिक पाठमाला ठरविण्यात आली व तिचा प्रसार इतर देशांतही झाला.

भारत व महाराष्ट्र : बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या मिशनने १८०३ मध्ये रविवार शाळा सुरू केली. ‘इंडिया संडे स्कूल युनियन’ ही मध्यवर्ती संस्था १८७६ मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाली. तथापि भारतात बायबलच्या शिक्षणाचे मुख्य क्षेत्र प्रारंभी रविवारचा वर्ग हे नसून दैनंदिन मिशन शाळा हे होते. कारण शिकण्यास येणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नव्हती.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस आले. मिशनने लवकरच मराठी शाळा काढल्या. त्यांत शिकविणारे पंतोजी बहुधा हिंदू असत. शुभवर्तमानातील उतारे व दहा आज्ञा हे विषय मिशनच्या अटीनुसार त्यांनाच शिकवावे लागत. पंतोजींच्या जुन्या शाळांत छापील पुस्तके नव्हती. त्यामुळे मिशनने छापलेली पुस्तिका हेच अनेक मुलांच्या हाती पडलेले पहिले छापील मराठी पुस्तक ठरले. सिंथिया फरार (१७९५–१८६२) यांनी मुंबईत व १८३९ पासून अहमदनगर येथे मुलींच्या शाळांचे कार्य केले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन हे १८२९ मध्ये आले आणि त्यांनीही मुंबईत मुलामुलींच्या शाळा काढल्या.

या शाळांमुळे झालेली धर्मांतरे संख्येने थोडी होती. पण त्यांनी समाज हादरून गेला. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पुष्कळ पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा सु. बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. ख्रिस्ती घरी अन्नग्रहण केलेल्या या मुलाला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी त्याच्या शुद्धीकरणाचा पक्ष घेऊन सनातन्यांचा रोष पत्करला. बायबल शिकणाऱ्या अजाण मुलाच्या धर्माचा निर्णय कोणी करावयाचा, पालकाने, ज्ञातीने, मिशनऱ्याने की त्या मुलाने, हा प्रश्न या प्रकरणाने जाहीर चर्चेत आणला.

धर्मांतरापेक्षा या शिक्षणाचे अनपेक्षित परिणाम अधिक दूरगामी ठरले. कोकण व मुंबईतील बेने इस्राएल मुले अमेरिकन व स्कॉटिश मिशनांच्या शाळांत मोठ्या संख्येने जात. मराठीतील जुना करार व विल्सन यांनी शिकविलेली हिब्रू भाषा यांमुळे त्यांना स्वतःच्याच धर्मपरंपरेचा नव्याने परिचय झाला. ख्रिस्ती होण्याऐवजी हा समाज यहुदी धर्मात अधिक दृढ झाला. जोतीराव फुले (१८२७–९०) यांचे १८४१ ते १८४७ या काळातील शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. फरारबाईंची अहमदनगर येथील मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती धर्म मात्र त्यांनी स्वीकारला नाही. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये मिशनच्याच ज्ञानोदय पत्रात प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये ज्या लेखनाची धास्ती घेतली गेली होती, ते लेखन येथे दलित मुलीच्या हातून प्रकट झाले.

ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वाढू लागली, तसतशा महाराष्ट्रात प्रार्थनामंदिरांना जोडलेल्या रविवार शाळाही वाढल्या. मराठी स्तोत्रे, चित्रे व पाठांतरासाठी वचने ही त्यांची साधने होत. बालबोधमेवा हे अमेरिकन मिशनने १८७३ मध्ये सुरू केलेले मुलांचे मासिक त्यांना पूरक ठरले.

अनुकरण व कायदा : या संस्थेचा आकृतिबंध इतरांनीही उचलला. रिबेका ग्रॅट्झ यांनी फिलाडेल्फियात १८३८ मध्ये यहुदी मुलांसाठी रविवार शाळा काढली. श्रीलंकेत १८८० नंतर कर्नल ऑल्कट यांच्या प्रेरणेने बौद्ध रविवार शाळा निघाल्या, तर महाराष्ट्रात प्रार्थनासमाजाने मुलांसाठी रविवारचे वर्ग चालविले. मिशनऱ्यांच्या प्रचाराला त्यांच्याच साधनाने दिलेले हे उत्तर होते.

सार्वजनिक शाळा व धर्मशिक्षण यांच्या सीमा कायद्याने हळूहळू आखल्या गेल्या. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांचे शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले. बायबल ग्रंथालयात असावे व विद्यार्थ्याने स्वेच्छेने विचारल्यास शिक्षकाने वर्गाच्या वेळेबाहेर त्याविषयी माहिती द्यावी, एवढीच मुभा त्यात होती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षण देता येत नाही; शासनमान्य वा अनुदानित संस्थांत ते स्वीकारण्याची सक्ती करता येत नाही आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती आवश्यक असते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सार्वजनिक शाळेच्या वास्तूत शालेय वेळात चालणारे धर्मवर्ग, तर १९६३ मध्ये शाळेतर्फे होणारे बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. शाळा सुटल्यावर तिच्या वास्तूत मुलांचे बायबलवर्ग भरविण्यास मात्र इतर संस्थांप्रमाणेच वाव द्यावा लागेल, असा निर्णय २००१ मध्ये दिला.

स्वरूप व मूल्यमापन : दीर्घ सुटीत रोज भरणारी बायबल शाळा हा रविवार शाळेचाच एक विस्तार होय. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलांसाठी श्रीमती हॉज यांनी १८९८ मध्ये असे वर्ग घेतले. महाराष्ट्रातही उन्हाळ्याच्या सुटीत चर्चतर्फे असे वर्ग भरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील रविवार शाळांची उपस्थिती फार घटली. आशिया व आफ्रिकेतील चर्चमध्ये मात्र ही संस्था आजही जोमात आहे.

रविवार शाळेने गरीब मुलाला शिस्त लावली व आहे त्या स्थितीत समाधान मानावयास शिकविले, असा आक्षेप काही इतिहासकार घेतात. कामगारवर्गाने ती आपलीशी करून स्वतःच्या उन्नतीसाठी वापरली, असे इतरांचे मत आहे. दोन्ही मतांना आधार सापडतो. मुलांना काय वाचावयास द्यावयाचे, हे संस्थाचालकांनी ठरविले. परंतु त्या वाचनातून मिळालेली शक्ती डग्लस, फुले, मुक्ता व बेने इस्राएल समाज यांनी आपापल्या हेतूने वापरली. रविवार शाळा व मिशन शाळा यांचे सामाजिक इतिहासातील महत्त्व मुख्यतः यातच आहे.