संगीतविद्येचे दाते पं. भातखंडे

कै. पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म दि. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते व्यवसायाने वकील होते. पत्नी व कन्या यांच्या निधनानंतर त्यांनी वकिली सोडून उर्वरित आयुष्य संगीतास वाहिले. त्या काळी चिजा घराण्याबाहेर जात नसत. उस्तादाबरोबर कित्येक चिजा लोप पावत. पंडितजींनी देशभर हिंडून, गवयांची मनधरणी करून त्या मिळविल्या आणि स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ साली बडोद्यास संगीत परिषद भरविली. १९२६ साली त्यांच्या खटपटीने लखनौस संगीत विद्यालय निघाले. दि. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले. बंद दाराआडची विद्या त्यांनी सर्वांस खुली केली, हेच त्यांचे थोर दान होय.