गिडियन द नाइन्थ

गिडियन द नाइन्थ ही न्यूझीलंडच्या लेखिका टॅमझिन म्यूर यांची पहिली कादंबरी असून ती सप्टेंबर २०१९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. दूरच्या भविष्यातील अंतराळ-साम्राज्य आणि मृतविद्या, म्हणजेच मृतांची हाडे, मांस व आत्मे वापरणारी मंत्रविद्या, यांची सांगड तीत घातलेली आहे. ‘द लॉक्ड टूम’ मालिकेतील हा पहिला भाग होय.

कथानक

दहा हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाने मृत सूर्यमाला पुन्हा जिवंत केली आहे. तेथे नऊ घराणी नांदतात. गिडियन ही नवव्या घराण्यात दास्यात वाढलेली अनाथ तलवारबाज तरुणी, तर हॅरोहार्क ही त्या घराण्याची वारस. दोघींचे लहानपणापासून वैर आहे. सम्राटाला नवे ‘लिक्टर’, म्हणजे अमर सेवक, हवे असतात. त्यासाठी उरलेल्या आठ घराण्यांचे वारस आपापल्या अंगरक्षकांसह कॅनान हाउस या जीर्ण प्रासादात जमतात आणि तेथे एकामागून एक खून होऊ लागतात. लिक्टर होण्यासाठी अंगरक्षकाचा आत्मा गिळावा लागतो, हे शेवटी उघड होते. हॅरोहार्कचा जन्मही घराण्यातील दोनशे मुलांच्या बळीतून झालेला असतो. अखेरीस तिला वाचवण्यासाठी गिडियन स्वतः प्राण देते.

मृतविद्येचे नियम

या विद्येला भौतिकशास्त्रासारखे नियम आहेत. मृत्यूतून ‘थॅनर्जी’ आणि जिवंत पेशींतून ‘थॅलर्जी’ ही ऊर्जा मिळते. ग्रहांपासून दूर, पोकळ अवकाशात ही ऊर्जा नसल्याने मृतविद्येचे जाणकार तेथे दुबळे पडतात.

मराठी वाचकांच्या दृष्टीने

मृतांना उठवणारी विद्या मराठी वाचकांस कच-देवयानीच्या कथेतून परिचित आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी याच कथेवर ‘संगीत विद्याहरण’ (१९१३) हे नाटक लिहिले. महाभारतात शुक्राचार्य पोटातील कचास संजीवनी विद्या शिकवतात. गुरूचे पोट फाडून बाहेर आलेला कच त्याच विद्येने गुरूला जिवंत करतो. म्यूर यांच्या कादंबरीत ही परतफेड नाही. विद्या ज्याच्या प्राणावर मिळते तो परत येत नाही, आणि मिळालेल्या सामर्थ्याचे ओझे जिवंत राहिलेल्यास वाहावे लागते. मराठीत नारायण धारप यांनी भयकथा आणि विज्ञानकथा असे दोन्ही प्रकार हाताळले.

पुरस्कार व पुढील भाग

कादंबरीस २०२० साली पहिल्या कादंबरीसाठीचा लोकस पुरस्कार व क्रॉफर्ड पुरस्कार मिळाला. ह्यूगो व नेब्युला पुरस्कारांच्या अंतिम यादीतही तिचा समावेश होता. ‘हॅरो द नाइन्थ’ (२०२०) आणि ‘नोना द नाइन्थ’ (२०२२) हे मालिकेतील पुढील भाग आहेत.